तो दिवसभर काय करायचा?

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत चौकाचौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे मराठी फलक दिसतात. नंदुरबार, धुळे, जळगावकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेनं कामासाठी आलेली माणसं आता दोन-तीन पिढ्यांची सुरतकर झाली आहेत. घरात अहिराणी, लूमच्या खात्यावर हिंदी, बाजारात गुजराती आणि माणूस गेला की फलक मात्र मराठीत. त्याचा साचा ठरलेला असतो. वर फोटो, खाली दोन तारखा, गंधमुक्तीचा वार आणि वेळ, मग शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी. नावाच्या मागेपुढे माणसाची ओळख येते: अमुक मंडळाचा कार्यकर्ता, तमुक मार्केटमधला व्यापारी, कुणा नगरसेवकाचा खंदा समर्थक.

हा सगळा साचा कमावत्या, हिंडत्याफिरत्या माणसाच्या मापाचा आहे. गेलेला मुलगा बावीस वर्षांचा असेल, दहाव्या-अकराव्या वर्षानंतर चाललाच नसेल, त्याची शाळा जिन्यामुळे सुटली असेल आणि उरलेलं आयुष्य पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत गेलं असेल, तर त्याच्या नावापुढे काय लिहायचं? बहुतेक वेळा काहीच लिहिलं जात नाही. कित्येकदा फलकच लागत नाही.

भेटायला येणारे मात्र बोलतात. अहिराणीत ‘सुटना बिचारा’, मराठीत ‘सुटला हो, त्याचेच हाल होते’. आणि दुसरं वाक्य त्याच्या आईसाठी: ‘तुम्ही फार केलंत त्याचं.’ दोन्ही वाक्यं मायेनं म्हटलेली असतात, दोन्हींत काही खरंही असतं. पण पहिलं त्याच्या आजाराबद्दलचं आणि दुसरं त्याच्या आईबद्दलचं. मुलगा या दोन्हींत कुठेच नाही. तो दिवसभर काय करायचा, कशाला हसायचा, कोणावर चिडायचा, त्याचं कोणाशी जमायचं, हे कोणी विचारत नाही. विचारणं अप्रशस्त वाटतं म्हणून नव्हे. विचारण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही, म्हणून.

हा समज किती चुकीचा असू शकतो, याचं गेल्या दशकातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सुरतेपासून फार दूरचं, नॉर्वेतलं आहे. मात्स स्टीन हा १९८९ साली जन्मलेला मुलगा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात तयार होत नाही, त्यामुळे स्नायू वर्षागणिक झिजत जातात; दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असल्यानं हा आजार जवळपास फक्त मुलग्यांना होतो. पाय जातात, मग हात, शेवटी श्वास आणि हृदय. मात्स शेवटची वर्षं आई-वडिलांच्या घराला लागून असलेल्या खोल्यांत राहायचा आणि जागेपणीचा बराच वेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळायचा. त्याचे वडील रॉबर्ट आणि आई ट्रुड यांना याचंच दुःख होतं. आपल्या मुलाला मैत्री मिळाली नाही, प्रेम मिळालं नाही, कोणाच्या आयुष्यात त्याच्यामुळे काही फरक पडला नाही, असं त्यांना वाटायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंचवीस वर्षांचा मात्स गेला.

मात्स एक ब्लॉग लिहायचा आणि त्याचा पासवर्ड घरच्यांकडे होता. वडिलांनी त्यावर मुलगा गेल्याचं कळवलं. मग ई-मेल येऊ लागले. एकामागून एक, वेगवेगळ्या देशांतून, लांबलचक. या माणसांना मात्स ‘इबेलिन’ या नावानं ठाऊक होता: खेळातला दणकट, उमदा गुप्तहेर, रोज धावायला जाणारा. ‘स्टारलाइट’ नावाच्या त्यांच्या गटात तो वर्षानुवर्षं होता. नेदरलँड्समधल्या एका मुलीच्या आई-वडिलांनी अभ्यासाच्या काळजीनं तिचा संगणक काढून घेतला, तेव्हा मात्सनं त्यांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. डेन्मार्कमधल्या, तोच खेळ खेळणाऱ्या एका आईला आपल्या स्वमग्न मुलाशी जवळीक साधता येत नव्हती. मुलाला स्पर्श सोसत नसे. मात्सनं त्या मुलाला सुचवलं की आधी खेळात आईच्या पात्राला मिठी मारून बघ. यातलं काहीही त्याच्या घरात माहीत नव्हतं. अंत्यसंस्काराला यातले काही जण परदेशातून आले. ज्याला मित्र नाहीत असं धरून चाललो होतो त्याच्या शवपेटीजवळ आपल्याला अनोळखी असलेले मित्र उभे आहेत, हे त्या आई-वडिलांनी बघितलं.

ही कथा २०१९ मध्ये नॉर्वेच्या एनआरकेवर आणि मग बीबीसीवर आली. बेंजामिन री यानं तिच्यावर केलेला माहितीपट २०२४ च्या सनडान्स महोत्सवात गाजला, त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आला. त्याचा कच्चा माल विलक्षण आहे: गटातल्या एकानं खेळातली सगळी संभाषणं साठवून ठेवली होती, हजारो पानांची. म्हणजे मात्स कोणत्या संध्याकाळी कोणाशी काय बोलला, हे शब्दशः उपलब्ध होतं. धडधाकट माणसांपैकी कितीजणांच्या आयुष्याची अशी वही असते?

या चित्रपटाची खरी ताकद आणखी एका गोष्टीत आहे. तो मात्सला संत करत नाही. त्यानं आपला आजार बराच काळ लपवला. एकाच वेळी अनेक मुलींशी तो लाडीगोडी करायचा. कॅमेरा, माइक सुरू करायचं टाळायचा, आणि कोणी प्रत्यक्ष भेटू म्हटलं की बोचरं बोलून मोकळा व्हायचा. मित्र दुखावले, भांडणं झाली, मग त्यानं हळूहळू सत्य सांगितलं. हे सगळं पडद्यावर आहे. वाईट वागण्याइतकं स्वातंत्र्य असलेला माणूस म्हणून तो आठवला जातो, आणि अपंग तरुणाच्या वाट्याला असं आठवलं जाणं क्वचित येतं. आपल्याकडे तो एक तर ‘बिचारा’ असतो किंवा ‘देवाचं लेकरू’. खोटं बोललेलं, जळफळलेलं, प्रेमात पडून तोंडघशी पडलेलं अपंग पोरगं आपल्याला आठवणीत चालत नाही.

आता परत सुरतेत यायचं. इथल्या मराठी घरांत, विशेषतः बायका, कापडाचं फुटकळ काम घरी आणून करतात: साडीवर टिकल्या-खडे चिकटवणं, भरतकामाचे सुटे धागे कापणं, लेस लावणं. मजुरी नगावर. ज्या घरात चालू न शकणारा पण हात चालणारा मुलगा आहे, तिथे तोही या कामाला बसतो हे वेगळं सांगायला नको. धागे कापतो, नग मोजतो, मोबाइलवर हिशेब ठेवतो, शेठचा फोन घेतो. घरातला वृद्ध आजा आणि शाळेतून आलेली पुतणी त्याच्याच नजरेखाली असतात, कारण दिवसभर घरी असणारा मोठा माणूस तोच. पण हे काम कोणत्याच नोंदीत येत नाही. मजुरी आईच्या हातात पडते, म्हणून ते काम आईचं. राखण करणं हे तर आपण कामच मानत नाही. तो गेल्यावर ‘घरीच असायचा’ एवढंच उरतं. त्याच्या जागी दुसरं कोणी बसवायची वेळ आली की कुठे कळतं की ही जागा होती.

आणि मोबाइल. २०१६ नंतर भारतात डेटा स्वस्त झाला, तेव्हा घराबाहेर न पडणाऱ्या तरुणांचं जग जितकं बदललं तितकं क्वचितच दुसऱ्या कोणाचं बदललं असेल. तरी घरातली तक्रार एकच: ‘दिवसभर मोबाइल.’ नॉर्वेतल्या सुशिक्षित, प्रेमळ, मुलाशेजारीच राहणाऱ्या आई-बापाला जे दिसलं नाही, ते बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाला दिसावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण त्या पडद्यापलीकडे कोण होतं, हे विचारायला तो जाईपर्यंत थांबलंच पाहिजे असंही नाही.

वर्तमानपत्रांची तऱ्हा निराळी. त्यांना अपंग तरुण दिसतो तो चमकला की. सुरतेचीच अन्वी झांझरूकिया डाउन सिंड्रोम असलेली मुलगी. अवघड योगासनं लीलया करते, २०२२ मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला, ‘रबर गर्ल’ म्हणून ती देशभर ठाऊक झाली. तिचं आणि तिच्या घरच्यांचं कौतुक रास्तच आहे. पण बातमीच्या या तऱ्हेतून एक अट नकळत रुजते: तू आम्हाला थक्क कर, मग आम्ही तुझी नोंद घेऊ. जो थक्क करणार नाही, जो दुपारी क्रिकेट बघतो, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून रुसतो आणि चोविसाव्या वर्षी न्यूमोनियानं जातो, त्याच्यासाठी त्या पानावर जागा नाही. अन् असे तरुण किती असतील? २०११ च्या जनगणनेत भारतात अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख भरल्या. तेव्हा मस्क्युलर डिस्ट्रॉफीला वेगळा रकानाही नव्हता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात होते, २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले आणि त्या यादीत या आजाराचं नाव आलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर भिवंडीचा निहाल बिटला. सुरतेसारखंच भिवंडीही मागांच्या खडखडाटावर जगणारं गाव. निहालला प्रोजेरिया होता, म्हणजे लहान वयात शरीर म्हातारं करणारा अतिदुर्मीळ जनुकीय आजार. याच आजाराच्या मुलावरचा ‘पा’ हा चित्रपट २००९ मध्ये आलेला, त्यामुळे माध्यमांनी निहालला ‘खऱ्या आयुष्यातला पा’ करून टाकलं. आमिर खान त्याला भेटला, फोटो आले, मे २०१६ मध्ये पंधराव्या वर्षी तो गेला तेव्हाही मथळ्यांत ‘पा’च होता. एका जिवंत मुलाची ओळख एका नटानं रंगभूषा करून उभ्या केलेल्या पात्रावरून करून द्यायची, यातला उलटेपणा कोणाला खटकला नाही. खरं तर निहालच्या प्रसिद्धीला त्याच्या घरच्यांनी एक काम नेमून दिलं होतं. जगभर विखुरलेली, निदानही न झालेली प्रोजेरियाची मुलं शोधण्याची मोहीम अमेरिकेतली एक संस्था चालवत होती, आणि भारतात त्या शोधाचा चेहरा निहाल होता. ती संस्था, प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन, १९९९ मध्ये सॅम बर्न्स या मुलाच्या डॉक्टर आई-वडिलांनी काढली. २००३ मध्ये आजारामागचं जनुक सापडलं. सॅम २०१४ मध्ये सतरा वर्षांचा होऊन गेला. लोनाफार्निब या प्रोजेरियावरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये. तोवर सॅम आणि निहाल दोघेही गेले होते, पण त्यांच्यामागून येणाऱ्यांना ते मिळू शकतं. ‘पा’च्या मथळ्यात यातलं किती मावलं?

मोठ्या माणसांच्या घरीही आठवण कशी ठेवायची हा प्रश्न सुटलेला नसतो, पण कधी कधी कोणी नेमकं बोलून जातं. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांचा मुलगा झेन सेरेब्रल पाल्सीसह जन्मला आणि २०२२ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. त्याच्यावर उपचार झाले त्या सिएटलच्या बालरुग्णालयाच्या प्रमुखांनी संचालक मंडळाला कळवताना त्याच्या संगीताच्या चौफेर आवडीचा आणि प्रसन्न हसण्याचा उल्लेख केला. एवढंच. पण त्यातून आवडनिवड असलेला एक तरुण समोर येतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या आईनं वीस वर्षं मुलाला उचलून संडासला नेलं, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून दिली, तिला तो गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं तर तिला कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? ठेवूच नयेत. ती सुटका खरी असते, आणि तिची लाजही तिला पुरेशी छळते. पण ते हाल कोणी नेमून दिले होते हे जरा तपासावं. लिफ्ट नसलेली इमारत, उंबरा आणि जिना, पालिकेच्या शाळेत चाकाची खुर्ची शिरेल अशी स्वच्छतागृहाची दारं नसणं, दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात मारलेल्या खेपा, आणि मदतीला एकही पगारी माणूस नसणं. आजाराच्या वेदना आजाराच्या. पण ‘हाल’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला मोठा वाटा सिमेंटचा आणि कागदांचा असतो. ‘सुटला’ म्हटलं की हा सगळा वाटा नशिबाच्या खात्यावर चढतो आणि जाब विचारायला कोणी उरत नाही.

इंग्लंडमध्ये एका आईनं तो जाब विचारला. कॉनर स्पॅरोहॉक हा ऑक्सफर्डचा अठरा वर्षांचा मुलगा, स्वमग्न, बौद्धिक अपंगत्व आणि फिट्स येणारा; घरचं लाडाचं नाव ‘लाफिंग बॉय’, वेड बसगाड्यांचं. सरकारी आरोग्यसेवेच्या एका केंद्रात तो दाखल होता. जुलै २०१३ मध्ये तिथे आंघोळीच्या टबात एकटा असताना त्याला फिट आली आणि तो बुडाला. सुरुवातीला मृत्यू नैसर्गिक ठरवण्याचा प्रयत्न झाला. आई सारा रायन समाजशास्त्राची अभ्यासक. तिनं मुलाच्या गमतीजमती आधीपासून लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे लोकांना तो केसपेपरातला रुग्ण म्हणून भेटलाच नाही. बसगाड्यांवर फिदा असलेला, वात्रट प्रश्न विचारणारा पोरगा म्हणून भेटला. त्याच्यासाठी अनोळखी माणसांनी ठिगळं पाठवून गोधडी शिवली. त्यानं त्या केंद्रात काढलेल्या १०७ दिवसांची आठवण म्हणून १०७ दिवसांची मोहीम चालली. २०१५ मध्ये चौकशीतल्या ज्यूरीनं निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि २०१८ मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या आरोग्य ट्रस्टला, त्याच्यासह दोन मृत्यूंसाठी मिळून, वीस लाख पौंडांचा दंड झाला. त्याच्या आवडीनिवडी ठाऊक झाल्या नसत्या तर इतकी माणसं उभी राहिली असती का? शंकाच आहे.

याच्या शेजारी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातलं कवडास ठेवून पाहावं. तिथल्या मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेत पाच मुलं उपासमारीनं आणि आजारानं दगावल्याची बातमी २०१० मध्ये आली. मुंबई उच्च न्यायालयानं बातमीची स्वतःहून दखल घेऊन याचिका दाखल केली, राज्यभरातल्या अशा संस्थांच्या पाहणीचा विषय ऐरणीवर आला. न्यायालयानं आपलं काम केलं. पण त्या पाच जणांतल्या एकाचं तरी नाव, एखादी खोड, एखादा आवडता पदार्थ महाराष्ट्राला ठाऊक आहे का? आकडा लक्षात राहिला, तोही फार थोड्यांच्या. दिल्लीतल्या आशा किरण या सरकारी निवासात जुलै २०२४ च्या एकाच महिन्यात डझनाहून अधिक मृत्यू झाले, तेव्हाही बातमी आकड्याचीच होती.

मराठीला व्यक्तिचित्रांची केवढी हौस! पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’पासून दिवाळी अंकांतल्या वार्षिक फडापर्यंत आपण गावातला न्हावी, हेडमास्तर, विक्षिप्त काका, सगळ्यांना शब्दांत पकडलं. ‘चौकट राजा’ या चित्रपटातला बौद्धिक अपंग नंदू १९९१ साली घराघरांत पोचला, ‘यलो’मध्ये पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतः पडद्यावर आली. कसब आहे, प्रेक्षकही आहे. घरातल्या, गल्लीतल्या मुलाकडे मात्र ते कसब वळत नाही.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. मात्सच्या हजारो पानांच्या गप्पा त्याच्या मागे जगानं वाचल्या. त्याला ते आवडलं असतं का? त्याचा ब्लॉग जाहीर होता, पण खेळातली कुजबुज जाहीर नव्हती. अपंग माणसाला जिवंतपणी एकांत क्वचित मिळतो: अंघोळीला कोणी तरी हवं, पत्र वाचायला कोणी तरी हवं. मग मेल्यावर तरी त्याचं कपाट उघडू नये, हे म्हणणं पटण्यासारखं आहे. म्हणून सगळं जगासमोर मांडायची गरज नाही. घरच्यांना ठाऊक असलं, मित्रांना कळवलं गेलं, इतकंही पुष्कळ झालं.

त्यासाठी वेळ मात्र थोडा असतो. भारतात प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलं गेलं नाही आणि खात्यात पैसे नसले तर ते बंद होऊ शकतं, नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण एकशेवीस दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. फोन बहुतेक घरांत धाकट्या भावंडाकडे जातो आणि तो ‘रिसेट’ करूनच वापरला जातो. पासवर्डही त्याच भावंडाला माहीत असतो. तेव्हा विचारायचं तर त्यालाच, आणि गंधमुक्तीच्या पंगती उठल्या की लगेच: दादा कुठल्या ग्रुपमध्ये होता, रात्री कोणाशी बोलायचा, आणि त्यांना कोणी कळवलंय का?